मदत हवी आहे: बंद लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधला डेटा

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. आतली ५०० जीबीची साटा हार्ड डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली. डिस्क फिरते, टकटक आवाज नाही. पण दुसऱ्या विंडोज मशीनला लावली की फॉरमॅट करायला सांगते, पार्टिशन 'रॉ' (म्हणजे विंडोजला फाइल सिस्टिम ओळखता येत नाही) दिसतं. केबल, पोर्ट बदलून झाले. फॉरमॅट किंवा चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी-दुरुस्ती) मुद्दामच केलेलं नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) नव्हतं. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) ४८ पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न आलेले भाग, आहेत.

फोटो आणि टॅलीचा डेटा हवाय. (बॅकअप का नव्हता, हे घरी विचारून झालंय!) १ टीबीची रिकामी डिस्क आहे. लिनक्सवर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्राम) आधी पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घेऊन त्यावरच टेस्टडिस्क (पार्टिशन परत मिळवणारा प्रोग्राम) चालवणार. फोटोरेकमध्ये (फाइली शोधून काढणारा प्रोग्राम) फाइलींची नावं जातात, म्हणून तो शेवटचा उपाय.

ही इमेज यूएसबी केसिंगमधूनच घेतली तर चालेल, की डिस्क डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट लावावी?