उरलेल्या रॅमची रॅमडिस्क

जुन्या मशीनच्या ८ जीबीपैकी ५ जीबी रॅम वापराविना पडून दिसते, तिचं काय करावं, असा प्रश्न आहे. पण ती सगळी रिकामी नसते. लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) त्यात हार्डडिस्कवरून वाचलेल्या फाइली धरून ठेवतं; म्हणूनच लिब्रेऑफिस दुसऱ्यांदा उघडताना डिस्कची खरखर ऐकू येत नाही. तरीही भरपूर उरत असेल तर १ जीबीची टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्येच बनवलेली तात्पुरती डिस्क (रॅमडिस्क), करून ब्राउझरचा कॅशे (पाहिलेल्या पानांचा तात्पुरता साठा) तिथे हलवा. मी तेच केलंय, जुन्या फिरत्या डिस्कवर फरक लगेच जाणवतो. कामाची फाइल मात्र तिथे अजिबात ठेवू नका, वीज गेली की सगळं पुसलं जातं! आणि मशीनवर लिनक्सऐवजी ३२-बिट विंडोज ७ असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरातच येत नाही. प्रोसेसरला ६४-बिट चालत असेल तर आधी ६४-बिट सिस्टिम टाका.