मटेरियल स्टार्टअपने मोठ्या कंपनीशी पहिल्याच दिवशी लग्न लावावं का?

भट्टीवाला:
नव्या मटेरियलवर काम करणाऱ्या विद्यापीठातल्या स्टार्टअपने सुरुवातीपासूनच कंपनी सोबत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ॲप पंधरा दिवसांत बदलता येतं, पावडर नाही. प्रयोगशाळेत पाच ग्रॅम झकास निघते. तीच शंभर किलोच्या भट्टीत घातली की कडेचा माल जास्त भाजतो, मधला कच्चा राहतो. ही अक्कल कारखान्यात मिळते, प्रबंधात नाही. जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या ऑक्सफर्डमधल्या चमूने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (बॅटरीचं धन टोक) 1980 मध्ये दाखवला. त्यावरची लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली सोनीने, 1991 मध्ये.

शंकेखोर:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय राव! ऑक्सफर्डने पेटंटच घेतलं नाही आणि गुडइनफना रॉयल्टीही मिळाली नाही. आता कंपनीशी बांधून घेतलेल्यांचं बघा. कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधनातून आलेला लिक्विडमेटल हा अस्फटिकी, म्हणजे काचेसारख्या विस्कळीत अणुरचनेचा मिश्रधातू. 2010 मध्ये ॲपलने ग्राहक इलेक्ट्रॉनिक्सपुरते त्याचे कायमचे एक्सक्लुझिव्ह (फक्त आपल्यालाच, दुसऱ्या कुणाला नाही असे) हक्क घेतले. म्हणजे त्या क्षेत्रात बाकी सगळी दारं बंद. आणि लोकांच्या ओळखीचा त्याचा वापर कोणता? सिमचा ट्रे उघडायची पिन.

भट्टीवाला:
तो दोष 'एक्सक्लुझिव्ह' या शब्दाचा, भागीदारीचा नव्हे. हक्क ठरावीक वापरापुरते द्या, मुदतीत माल बाजारात आला नाही तर परत घ्या. स्वतःच्या हिमतीवर कारखाना काढायचा म्हणाल, तर एमआयटीच्या संशोधनातून 2001 मध्ये उभी राहिलेली ए123 ही बॅटरी कंपनी आठवा. बॅटऱ्यांचा कारखाना टाकला, 2012 मध्ये सदोष सेल बदलून द्यायची पाळी आली, त्याच वर्षी दिवाळखोरी.

नमुनेदार:
दोघंही करारावर भांडताय, आमचं घोडं त्याआधीच अडलं होतं. एका बड्या कंपनीला (नाव नको) आम्ही आमच्या कोटिंगचे नमुने चाचणीसाठी पाठवले. एनडीए (गुप्ततेचा करार) झाला, फोटो निघाले. एकेक तुकडा तयार करायला आमच्यातल्या एकाचा अख्खा आठवडा जायचा. आठ महिने रिपोर्ट नाही, फक्त मेल: 'आणखी सहा पाठवा.' शेवटी त्यांच्याच एकाने हळूच सांगितलं, मशीनवर तुमचा नंबरच लागलेला नाही. तेव्हापासून आम्ही नमुन्याचे पैसे लावतो. गंमत बघा, पैसे मोजले की रिपोर्ट तीन आठवड्यांत येतो!

शंकेखोर:
हे आवडलं. पण भट्टीवाले, तुमच्या त्या अटी करारात घालणार कोण? टेबलाच्या पलीकडे कंपनीचे तीन वकील. अलीकडे विद्यापीठातलं संशोधन कंपन्यांना देण्याचे व्यवहार बघणाऱ्या टेक ट्रान्सफर ऑफिसचा माणूस, तोही विद्यापीठाचं हित बघणारा. स्टार्टअपच्या बाजूने बसलेली असते नुकतीच पीएचडी झालेली मुलगी, आणि तिच्या खात्यात दोन महिन्यांचा पगार.

भट्टीवाला:
हं. आमच्या वेळी ती खुर्ची तर रिकामीच होती.