रोज घालता येईल, पण मिरवणार नाही, असे डायव्हर घड्याळ

सावकाश

नमस्कार. गेली ११ वर्षे माझ्या मनगटावर एकच पातळ क्वार्ट्झ घड्याळ आहे. आता त्याला विश्रांती देऊन एक चांगले यांत्रिक डायव्हर घड्याळ घ्यावे, आणि एकदा घेतले की पुढची वीस वर्षे दुसऱ्याचा विचारही करू नये, असे मनात आहे. मी पाणबुड्या नाही; आठवड्यातून तीनदा तलावात पोहतो आणि एरवी लांब बाह्यांचा शर्ट घालून टेबलाशी बसून काम करतो. माझे घड्याळ सकाळी मनगटावर चढते ते रात्री झोपतानाच उतरते, त्यामुळे पोहणे, बैठका आणि घरी भांडी घासणे हे सगळे एकाच घड्याळाने निभावावे, अशी अपेक्षा आहे.

अडचण भपक्याची आहे. तीन घड्याळे हातात घालून पाहिली. रोलेक्सचे बिनतारखेचे सबमरीनर बांधणीला निर्दोष वाटले; परंतु मी ते घालून आरशात पाहत असतानाच शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी त्याचे नाव, त्याचा आकार आणि ते कोणत्या वर्षी आले हे सगळे मला सांगून टाकले, आणि माझा उत्साह तिथेच मावळला. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हर ३०० एमच्या तबकडीवर लाटांची नक्षी कोरलेली आहे. ती जवळून अतिशय देखणी दिसते, पण हात हलला की सगळी तबकडी लकाकते. ट्यूडरचे ब्लॅक बे ५८ सर्वांत आवडले, तरी त्यातल्या सोनेरी छटेचा रोज पाहून कंटाळा येईल का, ही शंका आहे.

माझ्या मनगटाचा घेर १६.५ सेंटिमीटर आहे. व्यासाच्या आकड्यावर किती विसंबावे, पाण्याखालची क्षमता २०० मीटर की ३०० मीटर याने माझ्यासारख्याला काही फरक पडतो का, आणि बेझल (तबकडीभोवतीची फिरती कडी) सिरॅमिकचे घ्यावे की ॲल्युमिनियमचे, हे ज्यांनी अशी घड्याळे वर्षानुवर्षे वापरली आहेत त्यांनी कृपया सांगावे.

काटेकोर

व्यासाचा आकडा जाहिरातीत सर्वांत आधी छापला जातो आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी उपयोगी पडतो. पट्टा जिथे अडकवतात त्या वरच्या आणि खालच्या शिंगांच्या टोकांमधले अंतर, ज्याला लग-टू-लग म्हणतात, ते आधी पाहावे. मनगटाच्या वरच्या सपाट भागावर मोजपट्टी आडवी ठेवून त्याची रुंदी मोजा; हे अंतर त्या रुंदीपेक्षा कमी असेल तर घड्याळ मनगटावर बसते, जास्त असेल तर मनगटावर ठेवल्यासारखे दिसते, आणि भपक्याची निम्मी तक्रार खरे तर या 'ठेवल्यासारखे' दिसण्याची असते.

दुसरी गोष्ट जाडी. तुम्ही लांब बाह्यांचा शर्ट घालता, म्हणून तुमच्यासाठी हा आकडा व्यासापेक्षा महत्त्वाचा आहे. ब्लॅक बे ५८ हे ३९ मिलिमीटर व्यासाचे आणि ११.९ मिलिमीटर जाडीचे आहे. सीमास्टर ४२ मिलिमीटरचे असून जाडीला साधारण साडेतेरा मिलिमीटर भरते. कागदावर हा दीड मिलिमीटरचा फरक क्षुल्लक दिसतो, पण बाहीचे बटण लावून हात पुढे केलात की एक घड्याळ बाहीखाली सरकून जाते आणि दुसरे बाहीला अडवून बाहेर बसते. बाहेर बसलेले घड्याळ कितीही साधे असले, तरी ते दिसणारच.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. आरशासारखे पॉलिश केलेले पोलाद प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब परत फेकते, तर बारीक रेघांचे, ब्रश केलेले पोलाद तोच प्रकाश पसरवून टाकते. या दृष्टीने ट्यूडरचेच पेलागोस ३९ पाहावे, असे मी सुचवीन. २०२२ साली आलेले हे घड्याळ टायटॅनियमचे आहे, २०० मीटरपर्यंत चालते, त्यावर तारीख नाही आणि सोनेरी काहीही नाही. टायटॅनियमचा रंग पोलादापेक्षा करडा असतो आणि त्याची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडीच अधिक असल्यामुळे हातावर ओझे जाणवत नाही. मात्र त्याला पूर्णपणे मॅट समजू नका. तबकडी आणि बेझल दोन्हींवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या सूक्ष्म रेघा आहेत आणि तिरप्या उन्हात त्या चमकतात. तबकडीवर एक ओळ लाल अक्षरांत आहे. काहींना ती आवडते, मला ती नसती तर बरे वाटले असते.

खोलीच्या आकड्यांची चिंता सोडा. डायव्हर घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकानुसार किमान १०० मीटरची क्षमता लागते, आणि सांगितलेल्या खोलीच्या १२५ टक्के दाबाखाली घड्याळ तपासावे लागते. हौशी पाणबुड्यांची नेहमीची मर्यादा ४० मीटर आहे. तेव्हा २०० आणि ३०० यांतला फरक तुमच्या तलावात कधीच जाणवणार नाही. सीमास्टरवर दहाच्या आकड्यापाशी जी दुसरी खुंटी दिसते, ती हेलियम बाहेर सोडण्याची झडप आहे. जे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाखालच्या कक्षात राहून हेलियममिश्रित हवा घेतात, त्यांच्या घड्याळात तो वायू पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांमधूनही शिरतो आणि दाब उतरवताना आतून काच उडवू शकतो; त्यासाठी ही सोय आहे. आपल्यासारख्यांच्या मनगटावर ती निव्वळ अलंकार होय.

सबमरीनरबद्दल एकच सांगतो. त्याचा भपका पॉलिशमध्ये नसून ओळखीत आहे, आणि ओळख ब्रश करून घालवता येत नाही.

रेघोटी

काटेकोर यांनी आकडे दिलेच आहेत, म्हणून मी वापरातले लिहितो. माझे डायव्हर घड्याळ ॲल्युमिनियमच्या बेझलचे आहे आणि नऊ वर्षे रोज हातावर आहे. वीस आणि पंचवीस यांच्या मध्ये दाराच्या कडीला घासून पडलेला एक आडवा ओरखडा आहे, आणि मूळचा काळा रंग उन्हाने उतरून आता विटलेल्या पाटीसारखा दिसतो. सिरॅमिकवर असे काही होत नाही. ते बेझल वर्षानुवर्षे पहिल्या दिवसासारखेच तकतकीत राहते, जोराचा आघात बसला तर मात्र थेट तडकते. भपका नको असेल, तर विटत जाणारे ॲल्युमिनियम तुमच्या बाजूचे आहे.

आता एक चूक सांगतो, जी सर्वस्वी माझीच होती. माझ्या घड्याळाला तारखेची खिडकी आहे. तीस दिवसांचा महिना संपला की तारीख हाताने पुढे सरकवावी लागते. एका पहिल्या तारखेला घाईत चावी बाहेर ओढली, तारीख नीट केली, चावी आत ढकलली, पण ती फिरवून घट्ट करायची राहिली, आणि अर्ध्या तासाने मी पाण्यात होतो. बाहेर आलो तेव्हा काचेच्या आत, चारच्या आकड्याशेजारी, नखाएवढी धुक्याची चंद्रकोर होती. दुपारपर्यंत ती नाहीशी झाली आणि मी निश्चिंत झालो, ही दुसरी चूक. तीन आठवड्यांनी घड्याळ मागे पडू लागले म्हणून उघडून घेतले, तर तारखेच्या चक्रावर आणि चावीच्या दांड्यावर गंज चढलेला होता. धुके गेले, म्हणजे पाणी गेले असे नव्हे.

त्यामुळे माझा आग्रह बिनतारखेच्या घड्याळाचा आहे. तारीख नसेल तर चावी उघडण्याचे प्रसंगच कमी होतात. त्याच कारणासाठी हातातून काढून ठेवल्यावर घड्याळ किती तास चालते, तेही पाहा; थांबले की वेळ लावायला चावी उघडावीच लागते. ब्लॅक बे ५८ चे यंत्र ७० तास चालते, म्हणजे शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलेत तरी सोमवारी सकाळी ते चालूच असेल. सीमास्टरचे ५५ तासांचे यंत्र सोमवारी पहाटे चारच्या सुमारास थांबेल. तुम्ही घड्याळ सहसा उतरवत नाही हे मान्य, पण आजारपण येते, प्रवास येतो.

भांडी घासण्याबद्दल मात्र मी तुम्हाला परावृत्त करीन. गरम साबणाचे पाणी रबरी कड्यांना समुद्रापेक्षाही जास्त छळते. तलावातून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली धुवा आणि वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्या.

मधली ओळ

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण प्रश्नाकडे थोडे मागे जाऊन पाहावेसे वाटते. १९५३ साली ब्लाँपँचे फिफ्टी फॅदम्स फ्रेंच लष्करी पाणबुड्यांच्या गरजांवरून घडले, आणि रोलेक्सचे सबमरीनरही त्याच वर्षीचे. काळी तबकडी, जाड काटे, अंधारात चकाकणाऱ्या खुणा, बाहेरची फिरती कडी हे सगळे गढूळ पाण्यात वेळ दिसावा म्हणून होते. बेझल एकाच दिशेने फिरते तेही यासाठीच, की चुकून धक्का लागलाच तर खाली घालवलेला वेळ जास्त दिसावा, कमी नव्हे, म्हणजे पाणबुड्या वेळेआधी वर येईल. हा मूळ घाट भपक्याचा नव्हताच. पॉलिश, सिरॅमिकची झळाळी आणि वाढलेले आकार नंतर चढले. म्हणून जुन्या घाटाकडे परतणारी घड्याळे तुमच्या कामाची आहेत.

त्यांतले माझे आवडते लाँजीनचे लेजंड डायव्हर. २००७ साली पुन्हा काढलेल्या या घड्याळाची ३९ मिलिमीटरची आवृत्ती २०२३ साली आली. त्याची फिरती कडी काचेच्या आत आहे, त्यामुळे बाहेरून ते डायव्हर घड्याळ आहे हेच अनेकांना कळत नाही. क्षमता ३०० मीटरची आणि यंत्र ७२ तासांचे. दुसरा पर्याय ओरिसच्या डायव्हर्स सिक्स्टी-फाइव्हचा. तो १०० मीटरचाच आहे, पण काटेकोर यांनी दिलेल्या हिशेबाने तुमच्या पोहण्याला पुरून उरतो. सेकोने १९६५ साली जपानचे पहिले डायव्हर घड्याळ काढले, त्याचा नवा ४०.५ मिलिमीटरचा अवतारही देखणा आहे. त्याला 'लक्झरी' म्हणावे की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात, मी त्यात पडत नाही. मात्र त्याच्या यंत्राला दिवसाला अधिक २५ ते उणे १५ सेकंदांची मुभा आहे. कॉस्क या स्विस संस्थेचे अचूकतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या यंत्राला अधिक ६ ते उणे ४ इतकीच मुभा असते, आणि ओमेगाच्या घड्याळांना मेटास या स्विस मापनसंस्थेच्या चाचणीत तर शून्य ते अधिक ५ सेकंदांच्या आत बसावे लागते. तुमचे क्वार्ट्झ घड्याळ या सगळ्यांहून अचूक आहे, हे आधीच मनाशी पक्के करा, म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही.

काटेकोर

लेजंड डायव्हरबद्दल दोन गोष्टी नोंदवतो. त्याचे पोलाद बरेचसे पॉलिश केलेले आहे आणि तबकडी लाखेसारखी चकचकीत आहे, त्यामुळे घाट साधा असला तरी चमक कमी नाही. दुसरे म्हणजे आतली कडी फिरवण्यासाठी वेगळी चावी आहे आणि ती आधी उघडावी लागते. रेघोटी यांची चंद्रकोर आठवा. पोहताना फेऱ्यांची वेळ मोजायची असेल, तर पाण्यात शिरण्यापूर्वी ती लावून पुन्हा घट्ट करावी लागेल. बाहेरचे बेझल मात्र पाण्यातही बिनदिक्कत फिरवता येते.

सावकाश

सर्वांचे मनापासून आभार. मोजपट्टी ठेवून पाहिले, मनगटाचा सपाट भाग ५१ मिलिमीटर भरला. काल लांब बाह्यांचा शर्ट घालूनच पुन्हा पाहायला गेलो आणि प्रत्येक घड्याळ बाहीचे बटण लावून तपासले. सीमास्टर खरोखरच बाहीला अडले. पेलागोस ३९ इतके हलके होते, की क्षणभर हातात खेळणे असल्यासारखे वाटले, आणि दिव्याखाली त्याची तबकडी काटेकोर म्हणाले तशीच चमकली.

तिथेच ट्यूडरचे ब्लॅक बे ५४ दाखवण्यात आले. ते ३७ मिलिमीटरचे आहे, जाडी ११.२ मिलिमीटर, तारीख नाही, बेझल ॲल्युमिनियमचे. बेझलवर मिनिटांच्या बारीक रेघाही नाहीत, त्यामुळे ते आणखी शांत दिसते. सोनेरी छटा याच्यातही आहे. परंतु या आकारात ती दोन हातांवरून पिवळट राखाडीच भासली, आणि मीच ती शोधत होतो म्हणून मला दिसली. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला त्याचे छायाचित्र दाखवले, तर तो म्हणाला, "जुनेच दुरुस्त करून घेतलेस का?" हे ऐकून माझा निर्णय जवळजवळ झाला.

एकच प्रश्न उरला आहे. मी धातूचे ब्रेसलेट कधी वापरलेले नाही; ते किती सैल ठेवावे?

रेघोटी

करंगळी अडखळत आत जाईल इतके. ब्रेसलेटच्या जास्तीच्या कड्या काढून घ्यायला सकाळी जाऊ नका. दिवसभराच्या वावराने आणि उष्म्याने मनगट फुगते, म्हणून दुपारनंतर जा. ब्लॅक बे ५४ च्या कुलपात हाताने सरकवता येणारी ८ मिलिमीटरची सोय आहे, तिचे पाच टप्पे आहेत. कड्या काढताना कुलूप मधल्या टप्प्यावर ठेवायला सांगा, म्हणजे पोहून आल्यावर आवळायलाही जागा राहील आणि उकाड्यात सैल करायलाही. काढलेल्या कड्या आणि त्यांचे स्क्रू तिथे विसरू नका.