कॅटेकिझमचा परिच्छेद बदलला, हे वर्गातल्या मुलांना कसं समजवायचं?

धर्मशिक्षिका_म

आमच्या धर्मग्रामात मी दृढीकरण संस्काराच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा कॅथलिक संस्कार) मुलांना शिकवते. सिस्टर वगैरे नाही, नोकरी-संसार सांभाळून रविवारी वर्ग घेणारी प्रापंचिक बाई. वर्गात एक मुलगा घरच्या कपाटातली जुनी कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, घेऊन येतो. गेल्या रविवारी त्याने परिच्छेद २२६७ उघडून माझ्यापुढे सरकवला. पिवळी पडलेली पानं, समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा. त्यात असं की, गुन्हेगाराची ओळख आणि जबाबदारी पुरती सिद्ध झाली असेल आणि निरपराधांना वाचवायला दुसरा उपायच नसेल, तर चर्चची परंपरागत शिकवण मृत्युदंड नाकारत नाही. माझ्या फोनवर तोच क्रमांक उघडला तर मृत्युदंड अस्वीकारार्ह, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेवरचा घाला आहे.

‘टीचर, यातलं चर्चचं म्हणणं कुठलं?’

२०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा बदल केला, ही सिद्धांताची वाढ आहे, मोडतोड नाही, एवढं सांगितलं. त्यावर दुसरी मुलगी पटकन म्हणाली, ‘म्हणजे आधीचं चुकलं होतं?’ सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसला. त्यात पोप लिओ चौदावे यांनी २०२५ च्या सप्टेंबरात म्हटलं की गर्भपाताला विरोध आणि मृत्युदंडाला पाठिंबा, याला खरं जीवनरक्षण म्हणता येत नाही. ती बातमी पालकांच्या ग्रुपवर फिरली आणि तिथेही जुंपली.

माझी एकच विनंती, ‘चर्च कधीच बदलत नाही’ हे छापील उत्तर देऊ नका. ती मुलं ते दोन मिनिटांत खोडून काढतात. तुम्ही काय सांगितलं असतं?

जुना_वकील

आधी त्यांना पायऱ्या दाखवा. पोप बोलले की ते सगळं एकाच वजनाचं, असा अनेकांचा समज असतो. पोपमहोदयांची अचूकता, म्हणजे श्रद्धेबद्दलच्या औपचारिक घोषणेत पोप चुकत नाहीत हे तत्त्व, १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या बिशपांच्या सभेत) ठरलं. त्यानंतर त्या अधिकाराने केलेली औपचारिक घोषणा एकच, मरियेच्या स्वर्गोन्नयनाची, १९५० साली. परिच्छेद २२६७ त्या पायरीवरचा नाही. पण म्हणून ‘पटलं तर घ्या’ असंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अशा नेहमीच्या शिकवणीलाही मनाने आणि बुद्धीने मान द्यायला सांगितलंय.

आणि इतिहास लपवू नका. पोपच्या राज्याचा एक जल्लाद होता, बुगात्ती नावाचा. एकोणिसाव्या शतकात १८६४ पर्यंत तो काम करत होता, त्याच्या हातून पाचशेच्या वर माणसं गेली. व्हॅटिकन नगरराज्याच्या १९२९ च्या कायद्यातही पोपच्या खुनाच्या प्रयत्नाला मृत्युदंड होता, तो पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये काढला. मुलांना हे कुठून तरी कळणारच. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

परंपरानिष्ठ

वकीलसाहेब, पायऱ्या ठीक, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. बायबलमधल्या रोमकरांस पत्र १३:४ मध्ये प्रेषित पौल म्हणतो, अधिकारी उगाच तलवार धारण करत नाही. येशूशेजारी क्रुसावर टांगलेला पश्चात्तापी चोर स्वतः म्हणतो, आपल्याला ही शिक्षा न्यायाने होत आहे. येशू त्याला खोडत नाही.

माझी खरी अडचण २०१८ च्या मजकुराची आहे. त्यात दोन तऱ्हेची कारणं एकत्र बांधलीत. माणसाची प्रतिष्ठा गुन्ह्यानेही जात नाही, हे कारण सगळ्या काळांना लागू. आज अटकेत ठेवण्याच्या व्यवस्था अधिक परिणामकारक झाल्यात, हे फक्त आजच्या काळाचं. पहिलं खरं मानलं तर शेकडो वर्षं चर्च गप्प का होतं? दुसऱ्यावरच भिस्त असेल, तर जिथे तुरुंगच धड नाहीत तिथे काय? मी बंडखोर नाही, दर रविवारी मिस्सेला असतो. पण हा गुंता रोमनेच सोडवायला हवा होता.

तुरुंगसेवा

वाद चालू द्या, मी एक माणूस सांगतो. तुरुंगसेवेत मी फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला भेटत असे. दोरीची रोझरी (जपमाळ) आत नेऊ देत नाहीत, म्हणून तो बोटांच्या पेरांवर नमो मरिया मोजायचा. अंगठा एकेका पेरावरून सरकायचा, दहाचं दशक संपलं की मूठ मिटायची. आपल्याला झालेली शिक्षा योग्यच आहे, असं तोही म्हणायचा, अगदी त्या चोरासारखं. पण परंपरानिष्ठदादा, चोर ते क्रुसावरून म्हणाला. खाली उभं राहून तेच म्हणणारे कोण होते, हे शुभवर्तमानात वाचा.

ज्यांचं माणूस मारलं गेलं त्यांच्या घरीही मी गेलोय. तिथे प्रतिष्ठेचे परिच्छेद वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. गप्प बसून चहा प्यायलो आणि निघालो.

धर्मशिक्षिका_म

सगळ्यांचे आभार, परंपरानिष्ठ यांचे विशेष, कारण तो मुलगा नेमकं हेच विचारणार आहे.

मी मुलांना सरळ सांगणार आहे की हो, बदललं. पहिल्यांदाही नाही. १८६४ च्या चुकांच्या यादीत पोप पायस नववे यांनी धर्मस्वातंत्र्याची जी मतं धिक्कारली, त्यांच्याजवळ जाणारी भूमिका १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घेतली. यावर धर्मपंडित आजही भांडतात आणि चर्च टिकून आहे. निकेयाच्या मतांगिकाराला, म्हणजे चर्चच्या मूळ श्रद्धेच्या जाहीर कबुलीला, २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली, तिचा गाभा मात्र चर्चने हलवलेला नाही. या दोन गोष्टी एका तराजूत घालायच्या नसतात, हे पंधरा वर्षांच्या मुलांना कळतं, असा माझा अनुभव आहे. मोठ्यांनाच जड जातं.

येत्या रविवारी रोमकरांस १३ आणि योहान ८ (व्यभिचारात सापडलेल्या बाईला येशू दगडमारापासून वाचवतो ती गोष्ट) दोन्ही वाचायला देणार आहे, आणि निबंध ‘मला कुठलं पटतं’ असा नाही, ‘मला कुठलं जड जातं’ असा. २०१८ च्या बदलासोबत बिशपांना पाठवलेल्या पत्राचा बरा मराठी अनुवाद कुणाकडे असेल तर इथे टाका. नसेल तर आपण चौघे मिळून करू या का? परिच्छेद थोडेच आहेत.

परंपरानिष्ठ

मी तयार आहे. पण तळटीपांसकट, आणि माझ्या शंका समासात राहतील.