इनडोअर हीटेड पूल एनर्जी मॉडेलमध्ये कसा घ्यायचा?

प्रश्न (मॉडेलवाला)
स्पोर्ट्स सेंटरचं मॉडेल चाललंय एनर्जीप्लसमध्ये (इमारतीचा ऊर्जावापर काढणारं सॉफ्टवेअर), लीड या ग्रीन बिल्डिंग रेटिंगसाठी. आत २५० चौरस मीटरचा पूल आहे, पाणी २८ डिग्रीला. सध्या हीटरचे किलोवॅट सरळ प्रोसेस लोड (उपकरणांचा वेगळा ऊर्जावापर) म्हणून टाकलेत, वर्षभर एकच आकडा. पण असं केलं तर रात्रीचं कव्हर, डीह्युमिडिफायरची (हवेतली वाफ काढणारं यंत्र) हीट रिकव्हरी म्हणजे त्यातली उष्णता परत वापरणं, यातलं काहीच रिझल्टमध्ये दिसत नाहीये. तुम्ही लोक कसं करता?

पाणीदार
एकच आकडा नको टाकूस रे, कारण पूलची बहुतेक उष्णता बाष्पीभवनात जाते आणि ते हॉलच्या हवेवर ठरतं. अ‍ॅश्रे या एचव्हीएसी इंजिनिअरांच्या संस्थेच्या हँडबुकातलं सूत्र घे: पाण्याच्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब वजा हवेतला बाष्पदाब, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले अ‍ॅक्टिव्हिटी फॅक्टर (पूल किती वापरात आहे त्याचा आकडा), गुणिले सूत्रातला स्थिरांक. तुझ्याच पूलला लावून बघितलं, हवा ३० डिग्री आणि ५५ टक्के आर्द्रता धरून. दाबातला फरक साधारण १.४५ किलोपास्कल, फॅक्टर १ धरला तर तासाला ५२ किलो पाणी उडतं, म्हणजे जवळपास ३५ किलोवॅट. पूलमध्ये कोणी पोहत नसताना फॅक्टर ०.५ घेतला की थेट निम्मं. नवीन भरायचं पाणी तापवायला त्यामानाने किरकोळ लागतं.

सिम_ताई
एनर्जीप्लसमध्ये इनडोअर पूलचा वेगळा ऑब्जेक्ट आहेच की. तो फ्लोअर सरफेसला जोडायचा, गरम पाण्याच्या लूपवर (हीटर ते पूल पाइपचं चक्र) घ्यायचा, मग अ‍ॅक्टिव्हिटी, कव्हर, सेटपॉइंट सगळ्याला शेड्यूल देता येतं आणि उडालेली वाफ आपोआप झोनच्या, म्हणजे मॉडेलमधल्या त्या हॉलच्या, हवेत जाते. फक्त ती वाफ परत वेगळा लेटंट गेन (हवेतल्या वाफेचा भार) म्हणून टाकू नका, दोनदा मोजली जाते.

मॉडेलवाला
हे भारी आहे, करतो. अजून एक, क्लायंट म्हणतोय हॉलची हवा २६ डिग्रीला ठेवू, हीटिंग वाचेल. बरोबर आहे का?

पाणीदार
उलटंच होईल! आर्द्रता तीच ५५ टक्के ठेवलीस तरी दाबातला फरक १.९ च्या पुढे जातो, बाष्पीभवन एक तृतीयांशने वाढतं, वर पोहणारे बाहेर आल्यावर कुडकुडतात ते वेगळंच. हवा पाण्यापेक्षा एक-दोन डिग्री जास्तच ठेवायची. दोन्ही केस रन करून क्लायंटला पूल हीटर आणि डीह्युमिडिफायरचे आकडे शेजारी-शेजारी दाखव, हे तोंडी सांगून पटत नाही.

सिम_ताई
आणि लीडसाठी बोलायचं तर, कव्हरची बचत मिळेल असं गृहीत धरू नका. अ‍ॅश्रे ९०.१ या इमारतींच्या ऊर्जा मानकात हीटेड पूलला कव्हर सक्तीचंच आहे (६० टक्क्यांहून जास्त उष्णता सोलर किंवा जागेवरच्या रिकव्हरीतून येत असेल तर सूट), त्यामुळे बेसलाइनमध्येही (तुलनेसाठीच्या मॉडेलमध्ये) तेच कव्हर, तेच शेड्यूल ठेवा. फरक दाखवायचाय तो डीह्युमिडिफायरच्या कंडेन्सरची उष्णता पाण्यात परत घालून, आणि तेवढाच लोड हीटरवरून कमी होतोय ना हे लूपच्या आउटपुटमध्ये तासागणिक तपासून घ्या.