Re: सायरन वाजूनही एवढी माणसं कशी गेली?

वर कोणीतरी विचारलंय की सायरन वाजतो, मोबाईलवर अलर्ट येतो, मग अमेरिकेत टोर्नेडोत एवढी माणसं मरतात कशी. अहो, रात्री तो दिसतच नाही ना! १० डिसेंबर २०२१ चं केंटकीतलं मेफिल्ड बघा, रात्री साडेनवाच्या सुमारास ईएफ-४ (म्हणजे ० ते ५ च्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर वरून दुसरा) टोर्नेडो गावातून गेला, वारा ताशी ३०० किमीच्या आसपास, आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यात ख्रिसमसच्या ऑर्डरींमुळे शंभरावर माणसं शिफ्टवर, त्यातली ९ गेली. त्या एका टोर्नेडोने एकूण ५७ जीव घेतले, जमिनीवर अडीचशे किमीपेक्षा जास्त अंतर तो चालत राहिला. डिसेंबरात एवढं मोठं काही येईल असं कोणाच्या डोक्यात असणार, तो काय सीझन आहे का. त्यात तिकडे मोबाईल होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेली हलकी घरं) भरपूर, नुसती पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली, तळघर नाही, पळणार कुठे?

मला मात्र आकड्यांपेक्षा एक फोटो जास्त लागला. त्याच वाटेवरच्या डॉसन स्प्रिंग्जमधल्या एका घरातला जुना फॅमिली फोटो थेट शेजारच्या इंडियाना राज्यात, दोनेकशे किमीवर, कुणाच्यातरी गाडीच्या काचेला चिकटलेला सापडला. मग लोकांनी फेसबुकवर असे सापडलेले फोटो टाकून मालक शोधायला सुरुवात केली.