रेटकींची जेनवरची कविता वर्गात घेऊ का?

प्रश्न
नमस्कार. मी तालुक्याच्या गावी बी.ए.ला इंग्रजी शिकवते. जुलैत आमच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी कॉलेजला येताना दुचाकीवरून पडून वारली. तिची स्वाध्यायाची वही तपासायला माझ्याकडे होती, ती अजून कपाटात आहे. एकदा घरी द्यायला गेले आणि दारावरूनच परत फिरले. मी तिची कोण? आठवड्याला चार तास शिकवणारी.

तेव्हापासून अमेरिकन कवी थिओडोर रेटकींची 'एलेजी फॉर जेन' ही शोककविता वाचते आहे. घोड्यावरून पडून गेलेल्या विद्यार्थिनीवरची. शेवटी ते म्हणतात, या दुःखावर माझा हक्क नाही, मी ना बाप ना प्रियकर. ही तिच्याच वर्गात घ्यावी का? आणि रेटकी शिकवायचे कसे?

उत्तर १
ताई, मी सिएटलला असतो. इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते १९४७पासून १९६३पर्यंत, म्हणजे वारले तोपर्यंत, शिकवत होते. जेम्स राइट, कॅरोलिन कायझर, रिचर्ड ह्यूगो हे सगळे कवी त्यांचे विद्यार्थी. ह्यूगोंनी त्यांच्या एका परीक्षेबद्दल लिहिलंय: दहा नामं, दहा क्रियापदं, दहा विशेषणं दिलेली. प्रत्येकातली पाच घ्यायची आणि ठरलेल्या लयीत, सहा-सहा ओळींच्या तीन कडव्यांची कविता करायची. अट अशी की व्याकरण चोख हवं. कवितेला अर्थ मात्र नको, ही अट ह्यूगोंनी स्वतः जोडली! मुलं अर्थाच्या मागे लागली की कान बंद होतात, म्हणून असावं.

मनाच्या आजाराने त्यांना कितीदा तरी इस्पितळात राहावं लागलं. तरी ते परत वर्गावर यायचे. मला त्यांचं हे सगळ्यात मोठं वाटतं, १९५४ला मिळालेल्या पुलित्झर पुरस्कारापेक्षाही.

उत्तर २
मॅडम, माझं तळेगावला गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. मुलीच्या पुस्तकातून मला हे कवी सापडले. मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावी वडिलांची आणि काकांची काचघरं होती, पोरगा तिथेच वाढला. चौदाव्या वर्षी वडील गेले.

त्यांची 'बिग विंड' ही कविता वाचा. वादळाची रात्र, नळाचं पाणी बंद. मग खताचं पाणी बॉयलरला देऊन वाफ चालू ठेवतात, भोकांत गोणपाट कोंबतात आणि सकाळपर्यंत गुलाब वाचवतात. आमच्या पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद फाटला तेव्हा मी, बायको आणि दोन गडी असेच रात्रभर उभे होतो. हे ऐकीव नाही, ज्याने केलंय त्यानेच लिहिलंय.

तुमच्या जेनच्या कवितेतही बघा, पहिल्याच ओळीत तिच्या मानेवरचे ओलसर केस वेलीच्या तणाव्यांसारखे आहेत. तणावा सकाळी दमट हवेत हातात घेऊन बघा, इतका मऊ असतो की धरवत नाही. रोपं सांभाळणाऱ्याची नजर आहे ती. त्या पोरीला त्यांनी तशीच पाहिली. हक्क नाही म्हणतात, पण थडग्याशी उभं राहून बोलतातच ना?

वही द्या मॅडम. आईला त्यातलं अक्षर हवं असेल.

प्रश्नकर्ती
दादा, काल वही दिली. आधी रात्री बसून शेवटची चार पानं तपासली, लाल पेनाने, नेहमीसारखी. दोन ठिकाणी 'छान' लिहिलं. तिच्या आईने ती दोन पानं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, मराठीत सांगायला लावली.

कविता सोमवारी घेते आहे.